आर्लीथाच्या वाटचं वजन

या, जरा पुढं सरका. मागं बसलात तर ही गोष्ट नीट ऐकू येणार नाही, कारण हिच्यातली बाई फार हळू बोलायची. देवानं तिला बोटांत सूर दिला होता आणि तिच्या नवऱ्याच्या पदरात नुसता खरेपणा टाकला होता. त्या दोघांची गोष्ट सांगते.

"सिस्टर लुवेनिया, आकडा सांगा," होझिया गँट पिकअपमधून म्हणाला. लुवेनिया म्हणजे मी; आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणतात.

आमच्या आर्कान्सा राज्यातल्या भाताच्या कोठारावर एकतीस वर्षं गाड्यांचा वजनकाटा त्याच्या हातात होता. मी त्याच खोलीत बसून पावत्या लिहायची. हंगाम संपला होता, काटा मोकळा होता, आणि त्या दिवशी होझिया स्वतःच काट्यावर चढला होता. शेजारी बायको आर्लीथा, मागं नुकतंच विकत घेतलेलं वापरलेलं चाकांवरचं घर. लहानसंच, पुढची मान पिकअपच्या हौद्यात टेकवून चालणारं.

ते आर्लीथासाठी घेतलं होतं. तिचे वडील अलाबामात पाद्री होते. त्यांचं प्रवचन बोलता बोलता सुरात चढायचं, आणि नऊ वर्षांची आर्लीथा घडीच्या पायपेटीवर तो सूर मागोमाग उचलायची. त्या चर्चची लेकरं दर नोव्हेंबरात आठवडाभर माघारी येतात आणि आवारातच पाइनच्या झाडांखाली मुक्काम करतात. तिथलं तिचं घर केव्हाच विकलं गेलं होतं. मोटेलात उतरून पाहुणीसारखं जायला ती तयार नव्हती. एकदा तरी बाबांची पेटी त्या आवारात वाजवायची, एवढंच तिचं मागणं होतं.

विकणारा म्हणाला होता, तुमची पिकअप नऊ हजार पौंड ओढते, हे घर पाच हजारांचं, डोळे मिटून न्या. होझियानं घरी येऊन डोळे उघडले आणि पिकअपच्या दाराच्या चौकटीवरची पिवळी चिठ्ठी वाचली. ओढायचं वजन वेगळं आणि पाठीवर घ्यायचं वेगळं. घराची मान हौद्यावर जवळजवळ हजार पौंड टाकते. वर दोन माणसं, वर पेटी. म्हणून पिकअप काट्यावर, घराची चाकं काट्याबाहेर, आणि मी आकड्यासमोर.

"ऐंशी जास्त," मी चिठ्ठीतल्या मर्यादेशी ताडून भोंग्यातून सांगितलं.

साठ पौंडांची पायपेटी उतरवली. तरी वीस जास्तच. आर्लीथा म्हणाली, वीस पौंड म्हणजे काय, एक तांदळाची पिशवी. होझिया म्हणाला, एवढ्याचसाठी मी लोकांच्या गाड्या माघारी पाठवल्यात, आता स्वतःला कुठल्या तोंडानं सोडू? दुसरी पिकअप घेण्याची ऐपत नव्हती. घर परसात उभं राहिलं.

दुसऱ्या वर्षी पेटी घरीच ठेवून तिनं बिडाचे तवे काढले, लोणच्याच्या बरण्या काढल्या, वीस पौंड हलके केले. आकडा तरी तिथंच, वीस जास्त. तेव्हा कळलं की वर्षभरात तिच्या हातचं खाऊन होझियाच वीस पौंडांनी भरला होता. "म्हणजे आता तुम्हालाच उतरवायला हवं, मिस्टर गँट," ती म्हणाली. आम्ही खूप हसलो. घर त्याही वर्षी परसातच राहिलं.

पुढच्या वसंतात तिनं साखर सोडली, पाव सोडला. तुमच्या आकड्यासाठी करतेय, असं नवऱ्याला सांगितलं. तो चर्चमध्ये कौतुकानं सांगत फिरायचा. मग हंगाम आला. सोळा-सोळा तास तो काट्यावर. बायकोचे कपडे सैल होत गेले, ते त्यानं पाहिलं आणि मनात नोव्हेंबरचा हिशेब केला.

तिसऱ्या नोव्हेंबरात मी आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"साठ."

"साठ जास्त?"

"साठ कमी, ब्रदर."

त्यानं टोपी काढून हवेत फिरवली. मग आर्लीथाला विचारलं, या खेपेला काय काढलंस? ती म्हणाली, काही नाही, सामान गेल्या वर्षीचंच आहे. होझियाचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे बेरीज करू लागले. वीस जास्त होते, साठ कमी झाले. तो खाली उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि तिला दोन्ही हातांवर उचलून काट्याबाहेर नेलं. माझ्यासमोरचा आकडा आणखी एकशे चाळीसनं खाली आला.

"साखर सोडून माणूस ऐंशी पौंड उतरत नाही, आर्लीथा."

"नाही उतरत." मग त्याच्या कॉलरवरची धूळ झटकत ती म्हणाली, "डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं. त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. तुम्हाला बोलले असते तर तुम्ही मला रोज दवाखान्याच्या काट्यावर उभं केलं असतंत. मला बाबांच्या आवारात जायचं होतं. म्हटलं, उतरतेच आहे, तर जागा तरी होऊ दे."

होझियानं तिला जपून सीटवर बसवलं, माझ्या गाडीची किल्ली मागितली आणि घरी गेला. परतला तो पायपेटी घेऊन. ती मागच्या सीटवर ठेवली, स्वतः स्टिअरिंगवर बसला.

"आकडा सांगा, सिस्टर."

"बरोबर," मी म्हणाले. "ना कमी, ना जास्त."

"आता श्वास रोखून चालवा, मिस्टर गँट," आर्लीथा म्हणाली. "नाहीतर काटा हलेल."

रविवारी होझियानं तिथून फोन केला आणि नुसता धरून ठेवला. पाद्रीबाबा कोणी तरुण होते. अर्धं प्रवचन साधं बोलले, मग त्यांचा आवाज चढू लागला, आणि खालून पेटीनं तो अलगद उचलून घेतला. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या देवाचे आभार मानले.

जानेवारीत ती गेली.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात होझिया पुन्हा काट्यावर आला. मागं घर, मागच्या सीटवर पायपेटी. शेजारच्या सीटवर तांदळाच्या सात पिशव्या, वीस-वीस पौंडांच्या, एकीवर एक नीट रचलेल्या. त्यांच्याभोवती सीटचा पट्टा लावलेला. त्या आवारातल्या जेवणासाठी, असं तो म्हणाला. मी आकडा पाहिला.

"बरोबर, ब्रदर."

त्यानं मान हलवली आणि गाडी हळूच काट्यावरून उतरवली. आता दर वर्षी हेच चालतं.

एवढीच गोष्ट. आता घरी जाऊन ताटात भात वाढाल, तेव्हा पहिल्या घासाआधी क्षणभर थांबा आणि आमच्या आर्लीथाचं नाव घ्या.