तीस हजार आवाज

आतेभावाचा, दादाचा, मेसेज आला तेव्हा ती एका आजोबांच्या कानात श्रवणयंत्र बसवत होती. बाहेरच्या गाड्या आणि नर्सच्या चपला आजोबांना वेगवेगळ्या ऐकू येईपर्यंत तिने फोनकडे पाहिलंही नाही. मग मेसेज वाचला: ‘तायडे, घरी स्टुडिओ करतोय. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? तुझ्याशिवाय कोणाला विचारणार!’

या मेसेजची ती चौदा महिने वाट पाहत होती, असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण या चौदा महिन्यांत तिने त्याला माफ करायचा प्रयत्नही केला नव्हता.

घडलं होतं ते असं. दोघांनी मिळून सहा वर्षं नाचाच्या कार्यक्रमांना इलेक्ट्रॉनिक संगीत दिलं. हाताशी एकच जुनं यंत्र, त्यात आठ ट्रॅक. म्हणजे एकावर एक आठच आवाज रचता येत. नववा हवा तर आधीचा एक पुसायचा. दादा सुरुवात झकास करायचा. शेवटाला नेणं तिचं काम. शेवटचा मोठा कार्यक्रम तर पहिल्या ठोक्यापासून तिनेच बांधला होता. प्रयोग संपल्यावर नृत्यदिग्दर्शिका मंचामागे आली आणि म्हणाली, “हे कोणी केलं?” दादाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग तिच्याकडे बोट दाखवून हसत म्हणाला, “आणि ही माझी मामेबहीण. वायरी काय सुरेख गुंडाळते!”

तिच्या हातात त्या क्षणी खरोखरच वायर होती. तिने ती नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि पुन्हा त्याच्याबरोबर काम केलं नाही. भांडलीही नाही. भांडण झालं असतं तर घरच्यांनी ते चार दिवसांत मिटवलं असतं, आणि तिला ते मिटायला नको होतं.

आता त्याच दिग्दर्शिकेला नवं संगीत हवं होतं. वीस मिनिटांचं, दहा आठवड्यांत. ज्याचं आवडेल त्याचं घेणार. दादा पाठवणार होता. तीही पाठवणार होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी ती त्याच्या घरी गेली. मागची खोली त्याने रिकामी केली होती. इस्त्रीचं टेबल घडी करून भिंतीला टेकवलेलं, दोन नवे स्पीकर खोक्यातून नुकतेच निघालेले.

“स्पीकर भिंतीपासून पुढे ओढ,” ती म्हणाली. “नाहीतर खालचा आवाज फुगतो.”

“बघ!” तो बायकोला म्हणाला. “म्हणून हिला बोलावलं. आपलं हक्काचं माणूस.”

“हक्काच्या माणसाला आधी पाणी तरी विचारा,” वहिनी म्हणाली.

तिने कागदावर तीन चौकोन काढले. खोटं बोलायचं नाही, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं. एकही शब्द असा नको, की ज्यावर उद्या कोणी बोट ठेवेल.

“हे पहिलं. कॉम्प्युटरबरोबर फुकट येतं. मोजके आवाज, सगळं समोर दिसतं. दोन दिवसांत हात बसतो. नवशिक्यांना बरं.”

“नवशिक्यांना,” दादा म्हणाला, आणि तो चौकोन तिथेच संपला.

“दुसरं रेकॉर्डिंगला चांगलं. गाणारे-वाजवणारे वापरतात. वाद्यं आपली आपण आणायची.”

“आणि हे?”

“हे मोठ्या स्टुडिओंत असतं. तीस हजार आवाज. नुसते ठोकेच अकराशे. प्रत्येकाला चाळीसेक बटणं. ट्रॅक हवे तितके.”

“हवे तितके?”

“मर्यादाच नाही.”

“मग त्यात अवघड काय?”

“निवडणं,” ती म्हणाली. हेही खरंच होतं.

“अगं, तिथेच तर कान लागतो!” म्हणत त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. तू स्वतः कुठलं वापरतेस, हे त्याने विचारलं नाही.

ती पहिल्या चौकोनातलं वापरत होती. त्यातही आठच ट्रॅक घ्यायचे, असं तिने स्वतःला बजावलं. श्रवणयंत्र कानात नीट बसलं नाही की बारीक शीळ घालतं. ती शीळ तिने दवाखान्यात रेकॉर्ड केली आणि तिच्याभोवती सगळं रचत गेली. कामावरून आल्यावर रोज दीड तास. सहाव्या आठवड्यात तिची अठरा मिनिटं तयार होती.

वहिनीचा फोन तिसऱ्याच आठवड्यात आला होता. “कसलं खूळ दिलंस गं यांना? नुसतं ढुम्. मग म्हणतात, आता हे ऐक. मी ऐकते. तेही ढुम्! शेजारीण विचारून गेली, खिळे ठोकताय का?”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, हो. अकराशे आहेत.”

फोन ठेवून ती पोटभर हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

सातव्या आठवड्यात दादाचा फोन आला. आवाज ओढलेला. “दोन ठोक्यांत अडकलोय गं. एक भरीव आहे, एक जरा कोरडा. तू सांग.”

सहा वर्षं अशा वेळी ती एकच वाक्य बोलत आली होती: पहिला घे आणि पुढे चल. तेवढ्याने त्याचं अडलेलं गाडं सुटायचं. आताही सुटलं असतं. तीन आठवडे हातात होते. वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

“दोन्ही पुन्हा ऐक,” ती म्हणाली. “घाई नको करूस.”

दहाव्या आठवड्याअखेर दिग्दर्शिकेने तिचं संगीत निवडलं. तालमीच्या हॉलच्या दारावर कागद लागला, त्यावर तिचं नाव, एकटीचं. दादाच्या फोनची ती वाट पाहत राहिली. त्याचा चिडलेला, पडलेला आवाज कसा असेल, हे तिने मनात कितीदा ऐकलं होतं.

फोन आला तो खणखणीत. “अगं, तुझं घेतलं म्हणे! शाब्बास!”

“तू पाठवलंस?”

“छे. सव्वा मिनिट झालंय. पण काय सव्वा मिनिट, तायडे!”

“दादा, मी ते मुद्दाम सुचवलं. तू त्यात बुडणार, हे मला माहीत होतं.”

“बुडालोच की!” तो मोठ्याने हसला. “त्या आठ ट्रॅकांत इतकी वर्षं जीव घुसमटत होता माझा. तू नसतीस तर कळलंही नसतं.”

“मंचामागे तू माझ्याबद्दल काय म्हणाला होतास, आठवतं?”

“कधी गं?”

त्याला खरंच आठवत नव्हतं. आवाजातला खोटेपणा तिला लगेच कळे. इथे तो नव्हता.

तिने कॉम्प्युटर उघडला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “घंटांचा एक नवा संच आलाय. सहा हजार आहेत. पाठवू?”

“विचारतेस काय! पाठव.”

बोलता बोलताच तिने लिंक पाठवली. वहिनीचं तेवढं वाईट वाटलं.