पार्सल पोचलं का?

मैत्रीने चकलीचा तुकडा तोंडातून काढून बशीच्या कडेला ठेवला आणि पाकिटावरची तारीख पुन्हा पाहिली. मुदत अजून संपलेली नव्हती. तेल मात्र असं खवट, की चहाच्या घोटानेही चव जिभेवरून जाईना.

समोर शेजारच्या द्वारकाबाई बसल्या होत्या. घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. आज परत द्यायला म्हणून पदराच्या गाठीतून सोडवून ती त्यांनी टेबलावर ठेवली होती. भिंतीवर आईच्या फोटोशेजारी आता बाबांचा, तात्यारावांचा, फोटोही लागला होता. मैत्री संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतणार, मग इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या या दोन खोल्यांना कुलूप.

"मावशी, खाऊ नका ती."

"मी कुठे खातेय बेटा? मला ठाऊक आहे ना."

मैत्रीचं लक्ष नव्हतं. तिने कंपनीला फोन लावला होता. आई गेल्यापासून दर महिन्याला ती बाबांना हीच चकली ऑनलाइन पाठवायची. इंदूरमध्ये शेवेला तोटा नव्हता. पण भाजणीची चकली, आई करायची तशी, इथे मिळणार नाही, हे तिने पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं.

पलीकडची बाई अदबीने बोलत होती.

"मॅडम, पॅकेट खुल चुका है, रिफंड मुश्किल है. और आपने तो पिछले हर ऑर्डर को पाँच स्टार दिए हैं."

"वो अच्छे थे."

"एक मिनट होल्ड कीजिए."

फोनमध्ये बासरी वाजू लागली.

"अच्छे कुठले!" द्वारकाबाई म्हणाल्या. "सगळे असेच यायचे. तात्याजी चहात बुडवून बुडवून खायचे. मी एकदा बोललेसुद्धा, अहो, सराफ्याची खाऊगल्ली इतकी जवळ, जाऊन गरम काहीतरी खा. इंदूरमध्ये राहून कोई डिब्बे का खाता है क्या?"

मैत्रीने फोन कानापासून दूर धरला.

"मला तर प्रत्येक वेळी 'झकास' म्हणायचे. म्हणून मी तारे द्यायचे. एकदा जरी बोलले असते, तर मी पाठवणं बंद केलं असतं."

"तेच तर."

"म्हणजे?"

द्वारकाबाई बशीतला चुरा बोटाने एका जागी गोळा करत राहिल्या.

"पार्सल आलं की आधी खुर्ची ओढून फोनजवळ बसायचे. पाकीट नंतर. म्हणायचे, पोरीला मेसेज गेला असेल, आता फोन येईल बघा. 'पोचलं का, कशी आहे' विचारायला."

बासरी वाजतच होती. पार्सल नसताना केलेला एखादा फोन आठवतो का, म्हणून मैत्री खिडकीकडे पाहत राहिली. मग तिने कप उचलून तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

"सॉरी मॅडम, आपको रुकना पड़ा. बात हो गई है. रिफंड करवा दूँ, या नया पॅकेट भिजवाऊँ?"

"नया."

"पता वही? तात्याराव जी, स्नेहलतागंज?"

"हो," मैत्री म्हणाली. मग सावरून, "हाँ. वही." तिने टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं. "पहुँचने पर मुझे मेसेज आएगा ना?"

"जी, तुरंत."

द्वारकाबाईंनी टेबलावरची किल्ली उचलली आणि पदराच्या टोकाला पुन्हा गाठ मारली.