पहिल्याच खेपेला होकार

हॉलंडहून आलेल्या योस्टसाहेबांचं बिऱ्हाड चीनमधल्या चेंगदूत लावून देता देता तान सूयुनच्या नाकी नऊ आले. घर शोधायचं, पोलीस चौकीत नोंद करायची, गॅसच्या कार्डात आगाऊ पैसे भरायचे, धाकट्या पोराला ताप आला की दवाखान्यात नंबर लावायचा, सगळं तिच्याच गळ्यात. बाईसाहेबांना केक भाजायला ओव्हन हवा होता, तोही तिनेच कुठून तरी पैदा केला. खरं तर ती पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात होती आणि यातलं एकही काम तिचं नव्हतं. पण तिथले प्रमुख निवृत्त होत होते, त्यांच्या खुर्चीवर सूयुनच बसणार असं सगळं ऑफिस धरून चाललं होतं, आणि ती खुर्ची योस्टसाहेबांच्या हातात होती. कारखान्याला परदेशी साहेब पहिल्यांदाच मिळाला होता.

आल्या आल्या तिने त्या कुटुंबाला हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात शिजवून खायचं जेवण, खायला नेलं. बदकाचं आतडं पाहून बाईसाहेब नको म्हणाल्या, तेव्हा सूयुनने ते त्यांच्या वाटीत घातलं. पुन्हा नको म्हणाल्या, पुन्हा घातलं. पहिल्या नकाराला हात आखडणारी यजमानीण ती कसली? बाईंनी डोळे मिटून ते गिळलं. बाई लाजऱ्या आहेत, असं सूयुनला वाटलं.

मग एके दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं आणि सरळच विचारलं, "खरेदीचं प्रमुखपद घ्याल का तुम्ही?"

पद हवंच होतं, तरी ती रीतीला चुकली नाही. "छे, छे. माझी कुठली तेवढी कुवत? माझ्याहून चांगलं कुणी तरी बघा, साहेब."

आणि ती मान खाली घालून दुसऱ्या खेपेची वाट बघत बसली. दुसऱ्यांदा विचारलं की थोडे आढेवेढे घ्यायचे, तिसऱ्यांदा नाइलाजाने हो म्हणायचं. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. ते म्हणाले, "स्पष्ट सांगितलंत, बरं वाटलं. इथे असं कुणी बोलतच नाही." आणि त्यांनी उठून दार उघडून धरलं.

घरी नवरा लो जुन मिरच्या परतत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर केलंस. लगेच हो म्हणायला आपण काय हपापलेलो आहोत? विचारेल परत."

साहेबांनी परत विचारलं नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. सूयुन मुद्दाम त्यांच्या दारावरून जायची, तेव्हा ते हसून हात हलवायचे.

"त्याचं गॅसचं कार्ड भरू नकोस," लो जुन म्हणाला. "चूल विझली की आठवेल आपोआप."

तिने कार्ड भरलंच. पण आता तिला झोप लागेना. हॉटपॉटच्या टेबलावरचा बाईंचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिला आठवला. ती बाई लाजत नव्हती. या लोकांचा नको म्हणजे नको. मग आपला नकारही साहेबांनी तसाच खरा धरला. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने उशीवर मूठ आपटली. आता लाज गुंडाळून ठेवायची, साहेबांनी तोंड उघडायचा अवकाश की हो म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं.

साहेबांनी बोलावलं तेव्हा हो तिच्या जिभेवर तयार होता.

"खरेदीच्या त्या जागेबद्दल," ते म्हणाले, "तुमच्यावाचून होणार नाही. कराल?"

"हो," सूयुन म्हणाली. "करीन. आनंदाने करीन."

"मला खात्री होतीच." साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर सोनेरी केसांचा एक तरुण बायको आणि तान्ह्या बाळासह हसत होता. "रॉटरडॅमहून येतोय, तुमचा नवा प्रमुख. त्याला घर बघा, आमच्या जवळपास. आणि हो, त्याच्या बायकोलाही ओव्हन लागेल."

सूयुनने मान डोलावली. दार तिने स्वतःच उघडलं.