पहिला इंच जळालेली टेप

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात दिवसभर लोंबणारी, मापं घेणारी टेप. एके काळी मी हळदीसारखी पिवळी होते. आता माझा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला आहे आणि मधले काही आकडे घामाने पुसले गेले आहेत. कारखान्यातून निघाले तेव्हा मी साठ इंचांची होते. आज माझ्याजवळ एकोणसाठ आहेत. थकले आहे, म्हणून सावकाश सांगते.

बंगळुरूत गुंडूरावांनी मला घेतलं, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि एका मास्तरांकडे शिवण शिकत होते. त्यांच्या चार पिढ्या याच गावात गेल्या. घरात मराठी, दुकानात कन्नड. माझ्या अंगावर आकडे छापलेलेच होते, पण अक्षरं मी फार उशिरा शिकले. पुढे त्यांची मुलगी हेमलता मशीनच्या पायाशी बसून शाळेचे धडे मोठ्याने वाचायची. ते ऐकून ऐकून मी शिकले. गुंडूरावही तेव्हाच शिकले. आम्ही दोघे एका वर्गातले.

माझा पहिला इंच गेला तो त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, तुंगाबाईच्या लग्नाच्या आठवड्यात. कोळशाची इस्त्री माझ्या टोकावर आली. वास सुटला, टोक आक्रसलं. मास्तर म्हणाले, "फेकून दे." गुंडूरावांनी कात्रीने जळका इंच कापला आणि म्हणाले, "एक गेला तर काय झालं? एकोणसाठ आहेत की!"

तेव्हापासून माझी सुरुवात शून्यापासून नाही, एकपासून होते. माझ्यावर तेहतीस दिसले तर खरं माप बत्तीस. दर वेळी मनात एक वजा करायचा. सवय झाली की सोपं आहे. पण त्या आठवड्यात सवय झालेली नव्हती. गुंडूरावांनी बहिणीचं लग्नाचं पोलकं शिवलं आणि एक वजा करायला विसरले.

पोलकं सैल झालं. सगळं लग्न तुंगाबाईने आतून पिना टोचून काढलं. वर हसून म्हणाली, "गुंड्या, यात मी आणि माझी सासू दोघी मावू."

"अक्का, परवा आवळून देतो," गुंडूराव म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ती सासरी, कोचीला निघून गेली. तो परवा तिथेच राहिला.

मित्रांनो, शिंप्याचा परवा तुम्हाला माहीत असेल. दारात गिऱ्हाईक येतं, "अण्णा, स्वल्प लूज इरली," म्हणजे थोडं सैल राहू दे, म्हणतं. गुंडूराव म्हणतात, "सरी, नाडिद्दु बन्नी." बरं, परवा या. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना नाही म्हणता येत नाही, एवढंच. मे-जूनमध्ये शाळांचे गणवेश, मग दसरा-दिवाळी, मग लग्नं. तुंगाबाई चार-पाच वेळा बंगळुरूला आली. दर वेळी म्हणाली, "तुझ्या हातचं एक पोलकं, अंगाबरोबर बसणारं." दर वेळी उत्तर एकच. आता नऊ वर्षं झाली, तिचे गुडघे तिला प्रवास करू देत नाहीत. फोनवर ती विचारायची, "माझं पोलकं?" "परवा, अक्का." दोघेही हसायचे. फोन ठेवल्यावर मात्र गुंडूराव मला बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत बसायचे. गुंडाळत आणि सोडत.

गुंडूराव स्वतः कोचीला एकदाही गेले नाहीत.

अलीकडची वर्षं कंटाळवाणी गेली. आमचं दुकान आता बंगळुरूच्याच महादेवपुऱ्यात, चहाच्या टपरीशेजारी आहे. कोणी नवे कपडे शिवायला टाकत नाही. कंपन्यांतली मुलं मोबाइलवर मागवलेल्या पॅण्टी घेऊन येतात. "अंकल, दोन इंच कमी." दिवसभर मी पायाच्या घोट्यापाशी वाकायचे. छाती, खांदा, गळा मोजून किती तरी दिवस झाले होते.

मग गेल्या जानेवारीत हेमलताने वडिलांना बोटीची सफर घडवायचं ठरवलं. ती जवळच मारतहळ्ळीला नोकरी करते. "अप्पा, आयुष्यात एकदा तरी मशीनच्या पायडलवरून पाय काढा," ती म्हणाली. गुंडूराव नकोच म्हणत होते. पण मुंबईहून निघालेली बोट एक दिवस कोचीला थांबणार, हे ऐकल्यावर म्हणाले, "सरी. येतो."

मुंबईला बोटीवर चढताना तपासणीत त्यांची कात्री काढून घेतली. मला पाहून तो माणूस हसला आणि त्याने मला जाऊ दिलं. पिशवीत तळाला खणाचं एक लाल कापड, हुकांची डबी आणि दोऱ्याची दोन रिळं होती, ती कोणी पाहिली नाहीत. बोटीवर लोक समुद्र बघत होते. गुंडूराव वाढप्यांच्या कॉलरी बघत होते. "एकाचीही नीट बसलेली नाही," असं ते मला हळूच म्हणाले.

कोचीला बोट सकाळी दहाला लागली. चारच्या आत सगळ्यांनी परत यायचं, पाचला बोट सुटणार. हेमलताकडे यादी होती. मासेमारीची चिनी जाळी, जुना किल्ला, मसाल्याचा बाजार, अशी नऊ ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली.

"अप्पा, चला. आधी चिनी जाळी."

"तू जा. मला मट्टनचेरीला सोड."

"आत्याकडे? अहो, आत्याकडे आपण रेल्वेनेही जाऊ शकतो."

"शेहेचाळीस वर्षं जाऊच शकतोय," गुंडूराव म्हणाले.

हेमलताने यादीची घडी घातली. तिने रिक्षाला हात केला.

तुंगाबाई दारातल्या खुर्चीत बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिने पाहिलं. "कोण रे हा म्हातारा? आमच्या गुंड्यासारखा दिसतोय."

"मीच, अक्का."

"जेवायला आलास की मापं घ्यायला? गळ्यात टेप घालून पाहुणा येतो का कुणी?"

सगळे हसले. सून वीणाने पाणी आणलं. गुंडूरावांनी खण काढून बहिणीच्या मांडीवर ठेवला. तिने त्याचे काठ बराच वेळ बोटांनी चाचपले.

"अक्का, आता मापं घेतो. बंगळुरूला गेलो की शिवतो आणि परवा..."

"बास." तिचं हसू गेलं होतं. "तुझ्या परवाला आता मी पुरणार नाही, गुंड्या. शिवायचं तर इथं शीव. आज."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. साडेतीनला निघालं नाही तर बोट चुकणार होती. आणि गुंडूरावांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा त्याच दिवशी दिलेला नव्हता.

त्यांनी उंची आणि खांदा तिच्या जुन्या पोलक्यावरून घेतला. गोलाईची मापं मात्र माझ्यावर घेतली. मी तुंगाबाईच्या अंगाभोवती फिरले. लग्नातली तुंगा मला आठवत होती. तेव्हा माझं टोक फिरून मला उशिरा भेटलं होतं. आज लवकर भेटलं. गुंडूरावांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग ते म्हणाले, "एकतीस." हेमलता नऊ ठिकाणांच्या यादीच्या पाठीवर लिहून घेत होती, कारण त्यांना आता बारीक दिसत नाही.

"हेमा, तुझी जाळी राहतील. तू जा," ते म्हणाले.

"अप्पा, हुक कोण लावणार?" ती म्हणाली आणि चटईवर बसली.

वीणाने तांदळाच्या पोत्यांमागून जुनं मशीन ओढून काढलं. तेल घातल्यावर सुई हलली, पण चाकाचा चामडी पट्टा हातात घेताच भुगा झाला. पट्ट्याशिवाय पायडल कितीही मारलं तरी चाक फिरत नाही.

"हाताने फिरवायला लागेल," गुंडूराव म्हणाले. "आणि मला दोन्ही हात कापडाला हवेत."

"चाक मी फिरवते," तुंगाबाई म्हणाली.

"आत्या, तुमच्याच्यानं व्हायचं नाही."

"गुडघे गेलेत माझे, हात नव्हे. सरक तिकडं."

दुधाच्या पिशव्या फोडायच्या कात्रीने कापड बेतलं. मग दोघे मशीनला बसले. बहीण चाक फिरवायची, भाऊ कापड पुढे सरकवायचा. "हळू, अक्का." "हळूच आहे. तूच घाई करतोस." "कोपरा आलाय, थांब." "शेहेचाळीस वर्षं थांबलेच आहे की." मशीन खडखडत होतं. हात दुखला की ती हात बदलायची. बाहेर सहलीच्या गाड्या जात होत्या. हेमलताने त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. लहानपणी मशीनच्या पायाशी बसायची, तशीच बसून ती हुक लावत होती.

पावणेतीनला पोलकं अंगावर चढवलं. तुंगाबाईने दोन हुक लावले आणि थांबली. "गुंड्या, मी श्वास घेऊ की तिसरा हुक लावू? एकच होईल."

पोलकं दंडाला रुतत होतं, छातीवर ताणलं होतं. गुंडूरावांचा चेहरा उतरला. "हेमा, किती लिहिलंस?"

"तीस. तुम्ही एकतीस म्हणालात, मी एक वजा केला. तुमचा नियमच आहे ना?"

"मी आधीच वजा करून सांगितलं होतं, बाळ. आणि कागदावर तीस वाचून मला काही वाटलंच नाही. म्हटलं, अक्का एवढी आटलीय..."

मग तुंगाबाईला हसू फुटलं. इतकं की खोकला आला आणि वीणाला पाणी आणावं लागलं. "तेव्हा एकदाही केला नाहीस, आज दोनदा केलास. फिटंफाट झाली!"

गुंडूराव हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. "अक्का, आत कापड सोडलंय मी. शिवण उसवली की होईल. पण वेळ... मी परवा..."

परवा म्हणता म्हणताच ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "पातं द्या कुणी तरी दाढीचं," ते म्हणाले.

बाहीपासून कमरेपर्यंतची एकेक लांब शिवण हेमलताने पात्याने उसवली. चाक पुन्हा फिरू लागलं. आता थट्टा नव्हती. तुंगाबाईच्या कपाळावर घाम होता आणि ओठ मिटलेले होते. तीन वाजले. सव्वातीन झाले. दारात टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला. तीन पस्तीसला गुंडूरावांनी दाताने दोरा तोडला.

तुंगाबाईने पोलकं घातलं. पाचही हुक लागले. तिने भरपूर श्वास घेतला आणि सोडला. काही ताणलं नाही, काही लोंबलं नाही. एकदा खात्री करायला म्हणून गुंडूरावांनी मला तिच्याभोवती धरलं आणि मग तिच्याच खांद्यावर टाकलं.

"बसलं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. आरशाकडे गेलीही नाही.

गुंडूराव तिच्या पाया पडले, हेमलता पडली, आणि दोघे धावत गेले. मी तुंगाबाईच्या खांद्यावर राहिले.

त्यांना बोट मिळाली. शेवटून तिसरे होते म्हणे. बोटीवरच्या बायकांनी हेमलताला विचारलं, "कोचीत काय काय पाहिलं?" ती म्हणाली, "आत्या पाहिली."

त्याला आता तीन आठवडे झाले. मी मट्टनचेरीत खिळ्याला टांगलेली असते. इथे मला काही काम नाही. मानेवर लोंबकळून मी दमले होते, तरी गुंडूरावांच्या मानेची आठवण येते. तुंगाबाई येता-जाता मला हात लावते.

परवा संध्याकाळी हेमलताचा फोन आला. "आत्या, अप्पांनी नवी टेप घेतलीय. पूर्ण साठ इंच. पण त्यांचा हात एक वजा करतोच! सात पॅण्टी आखूड झाल्या. पोरं भांडून गेली."

मागून गुंडूरावांचा आवाज आला. "अक्का, माझी टेप जपून ठेव. न्यायला येतो."

"कधी?"

"परवा."

"कुठल्या साली?"

"खरंच परवा, अक्का. तिकीट काढलंय. दुकानाला कुलूप लावतोय."

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यात काय कमी आहे ते नीट पाहा. कोणी तरी ती उणीव मनात धरून तिच्याशी जमवून घेतलेलं असतं. तिच्या जागी सगळं जागेवर असलेली नवी वस्तू आणली की त्याचा हात चुकतो. आणि कोणाला परवा म्हणण्याआधी, त्याच्याजवळ किती परवा उरलेत याचा विचार करा. ते मोजायला मी उपयोगाची नाही. माझ्यावर फक्त इंच आहेत.

आज तो परवा आहे. तुंगाबाई सकाळपासून लाल खणाचं पोलकं घालून दारात बसली होती. आत्ताच रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ती भिंतीला धरून उठली, मला खिळ्यावरून काढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं.

"आई, हे काय?" वीणाने विचारलं.

"गप. लगेच सापडली तर लगेच जाईल तो."

डब्याचं झाकण लागलं. आत अंधार आहे, तांदूळ गार आहेत. घाई कसलीच नाही.