मचूळ पाण्याचा एक घोट

मित्रांनो, माझ्या पोटात सध्या कपड्यांचे चिमटे आहेत. लाल, निळे, आणि काही तुटके, जे टाकून द्यायचा कुणाला मुहूर्त सापडत नाही. बाल्कनीतल्या खिळ्याला मला टांगलं आहे. घरी येणारे पाहुणे म्हणतात, "वा, काय झकास जुनी पिशवी आहे हो!"

पिशवी! मी छागल आहे. जुनी आहे, पण छागल आहे. तुम्ही हा शब्द ऐकला नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि गरज सरो, वैद्य मरो, तसं आमचं झालं. छागल म्हणजे पाणी भरायची जाड कापडाची थैली. आतलं पाणी कापडातून थोडं थोडं झिरपतं, वाऱ्यानं वाळतं, आणि त्यामुळे उरलेलं पाणी गार होतं. थोडं गमवायचं आणि बाकीचं गार राखायचं, हे आमचं काम. लोक म्हणतात, "गळते ही." म्हणोत बापडे.

तंबू शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला शिवलं. मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी टाके घातले, वर पितळेचं तोंड बसवलं आणि धरायला दोरी ओवली. माझे मालक तेव्हा तरुण होते. सिमेंटचा ट्रक घेऊन वाळवंट ओलांडायचे. त्यांनी मला ट्रकच्या पुढच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडावर अडकवलं. रस्ता असा, की दुपारी स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसायचा. पण माझं पाणी प्यायल्यावर दुसरे ड्रायव्हर डोळे मिटून म्हणायचे, "अरे, ही छागल आहे की बर्फाचा कारखाना?" मी फुगायचे. भिजल्यावर आम्ही फुगतोच, पण तेव्हा कौतुकानंही फुगायचे.

त्या रस्त्यावर निम्म्या वाटेत एकच विहीर होती. पाणी मचूळ. म्हणजे धड गोड नाही, धड खारट नाही, जिभेवर रेंगाळणारं. सगळे शिव्या देत प्यायचे, कारण दुसरं नव्हतंच. मालक पहिल्या फेरीहून घरी आले तेव्हा माझ्या तळाशी त्यातलं थोडं उरलं होतं. नव्या नवरीनं दारातच मला हातातून घेतलं आणि तोंडाला लावलं. तिनं असा चेहरा केला, की मालकांना हसू आवरेना.

"शी! किती हो मचूळ! असलं पिऊन राहता तिकडे?"

आणि मग तिचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून ही त्या दोघांची रीतच पडली. दर फेरीला मालक तळाशी एक घोट राखून आणायचे. ती उंबऱ्यात उभी राहून प्यायची, तोंड वाकडं करायची आणि म्हणायची, "मचूळ आहे. आलात म्हणायचे." त्याशिवाय मालक घरात पाऊल टाकत नसत. वाळवंटात किती गाड्या उलटल्या, किती माणसं परत आली नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तो घोट म्हणजे ते सुखरूप परतल्याची पावती होती. माझी काळजीही तिनंच घेतली. मला सावलीत वाळवायची, टाके तपासायची, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची पानं घालायची. एवढी माया मला पुन्हा कुणी लावली नाही.

पुढे मालक निवृत्त झाले. चिरंजीवांनी आईबापांना आपल्या शहरात आणलं, विमानानंच जावं इतकं लांब. मला कपाटाच्या वर, जुन्या चादरींखाली जागा मिळाली. वर्षं गेली. मग मालकीणबाई अंथरुणाला खिळल्या. अन्न सुटलं. लेक सासरहून येऊन राहिली, ती चमच्यानं पाणी पाजायची. एके दिवशी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, कशाला म्हणून चव लागत नाही. एकदा त्या विहिरीचं पाणी आणा ना."

चिरंजीवांना मी नावं ठेवणार आहे, म्हणून चांगलं आधी सांगते. आईचा शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही. रजा काढली, बापाला विमानात बसवलं, तिकडे पोचून भाड्यानं गाडी घेतली आणि त्या जुन्या रस्त्यावर स्वतः चालवली. मला चादरींखालून काढलं तेव्हा मी इतकी हरखले, की माझी सगळी धूळ त्यांच्या शर्टावर झटकली गेली.

प्रवासाच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर पोचलो. तिथली चहावाली म्हणाली, "आजोबा, हे पाणी आता कुणी पीत नाही. बाटली देऊ?" मालक नुसते हसले. त्यांनी मला आधी नीट भिजवलं, कापडाची भोकं मिटून येऊ दिली, मगच भरलं. चिरंजीवांनी एक घोट घेतला आणि थुंकला.

"बाबा, हे आईला पाजायचं? खारट आहे!"

"खारट नाही. मचूळ."

"बरं, मचूळ. मग बाटलीत भरून घेऊ या. बॅगेत टाकता येईल."

"बाटलीनं ती पीत नसते," मालक म्हणाले. तेही हट्टीच. त्या एका बाटलीनं पुढचं सगळं टळलं असतं.

गाडीच्या पुढे मला लटकवायला चिरंजीवांनी नकार दिला. भाड्याची गाडी, डाग पडेल म्हणे. मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पायाशी ठेवलं. वारा नाही, काही नाही. मी नुसती घामाघूम. मालक खिडकीतून वाळूकडे बघत होते आणि मधूनमधून वाकून मला हात लावत होते. "चार घोट तरी पोचतील," ते स्वतःशीच म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्याकडून कुणी काही अपेक्षा करत होतं.

गाडी परत केली आणि विमानतळावर आलो. मला सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत ठेवलं होतं. सामान घेणाऱ्या मुलीनं सुटकेस पट्ट्यावर चढवली आणि तिची भुवई वर गेली.

"काहीतरी सांडतंय यातून. असं नाही घेता येणार."

मागे रांग खोळंबलेली. चिरंजीवांनी घाईघाईत सुटकेस उघडली, मला ओढून काढलं, मालकांच्या हातात कोंबलं. "तुम्ही हातातच धरा, बाबा. बघू पुढे." सुटकेस गेली, पट्टाही पुढे सरकला. पुढे काय असतं हे चिरंजीवांना चांगलं माहीत होतं. पण घाईत माणसाची अक्कल आधी गहाण पडते.

पुढे तपासणी होती. तिथल्या बाई सभ्य होत्या. "आजोबा, पाणी आत नेता येत नाही."

"साधं पाणी आहे हो. पिऊन दाखवतो."

"प्या ना. सगळं प्या. पण आत नाही नेता येणार."

"बायकोसाठी आहे. आजारी आहे ती."

बाईंनी मान हलवली. "माझ्या हातात असतं तर जाऊ दिलं असतं, आजोबा."

वाळवंटात पाणी कधी जमिनीवर ओतत नाहीत. स्वतःला नको असेल तर दुसऱ्याला पाजतात. मालक मागे वळले आणि रांगेला विचारू लागले, "कुणी घेणार का? विहिरीचं आहे." कुणी मोबाइलमध्ये बघत राहिलं. एका आईनं आपल्या पोराला जवळ ओढलं. एके काळी माझ्या एका घोटासाठी धडधाकट माणसं धावत यायची, मित्रांनो. त्या रांगेत सगळ्यांना माझी किळस आली.

"बाबा, लोक थांबलेत," चिरंजीव म्हणाले. त्यांनी मला घेतलं आणि डब्यावर उलटं धरलं. मला पोट आवळून धरता आलं असतं, तर मी धरलं असतं.

विमानात मालकांनी मला मांडीवर घेतलं. पाणी गेलं तरी कापड ओलं होतं. हवाई सुंदरी म्हणाली, "ही वर ठेवू का?"

"नको. ओली आहे अजून. तेवढी तरी राहू दे."

त्यांचा शर्ट भिजला, तरी त्यांनी मला सोडलं नाही. पण वाळवंटापेक्षा कोरडी हवा विमानात असते. मी हरले. उतरेपर्यंत खडखडीत वाळून गेले.

घरी लेकीनं दार उघडलं. "आलात? आईनं सकाळपासून विचारून विचारून जीव खाल्लाय. आणलंत ना?"

चिरंजीव मला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला. मालक मागोमाग आले.

"हे काय करतोस?"

"बाबा, तिला काय कळणार आहे आता? जिभेला चवच नाही म्हणते ना? तिचं समाधान होईल. तुम्हाला 'नाही आणलं' असं सांगायचंय का तिला?"

मालकांनी माझं कोरडं कापड चाचपलं. मग हळूच म्हणाले, "आधी भिजव. कोरडी गळेल."

तेवढाही धीर कुणाला नव्हता. मी गळत गळतच बाईंच्या खोलीत गेले. मागे घरभर थेंबांची रांग. लेकीनं आईला उशीला टेकवून बसवलं. मला बघून बाईंचा चेहरा असा उजळला, जसा पूर्वी उंबऱ्यात उजळायचा. मालकांनी स्वतःच्या हातानं मला त्यांच्या ओठांना लावलं.

बाईंनी घोट घेतला, तोंडात धरला आणि गिळला. तोंड वाकडं करायची त्यांची तयारी झालेली होती, तशीच राहून गेली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मालकांकडे बघितलं.

"गेलाच नाहीत ना विहिरीपर्यंत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "असू द्या हो. लांब आहे. वय झालं तुमचं."

"अगं, गेलो होतो! खरंच गेलो होतो..." मालक कळवळले. पण नळाचं पाणी पाजलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं शपथ घ्यायची? बाईंनी त्यांचा हात थोपटला, लहान मुलाची थाप ऐकून घेतात तसा. 'आलात म्हणायचे' हे शब्द काही आले नाहीत. त्यानंतर फार दिवस त्या राहिल्या नाहीत, आणि माझं तोंड त्यांनी पुन्हा ओठांना लावलं नाही.

आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी उपदेश करायचा असतो. आम्हाला जपा, सावलीत वाळवा, वगैरे. ते राहू द्या. मला टाकून दिलंत तरी चालेल. पण आजारी माणसानं काही मागितलं आणि ते तुमच्याकडून सांडलं, तर "सांडलं" म्हणून सांगा. बाई हसल्या असत्या हो. रांगेतल्या लोकांचं ऐकून पोट धरून हसल्या असत्या आणि म्हणाल्या असत्या, "आलात म्हणायचे."

मालक रोज कपडे वाळत घालायला बाल्कनीत येतात. चिमटा काढायला हात आत घालतात आणि उगीचच माझं कापड आतून चाचपून बघतात. ते कोरडंच असतं.