चॅपलपाशी ठेवलेला डबा

बसचं एवढं मोठं धूड ती चिंचोळ्या गल्लीतून अलगद काढायची, पण वहिनीपुढे तिच्या तोंडाचा ब्रेक कधीच लागायचा नाही. घरात तिला सगळे हॉर्न म्हणायचे. नाव दादानं ठेवलं होतं.

दादा कुलपं दुरुस्त करायचा आणि सुट्टीला जिओकॅशिंग खेळायचा. म्हणजे रानात कुठेतरी डबा लपवायचा, जागा फोनवरच्या नकाशात टाकायची. मग अनोळखी लोक येऊन तो शोधणार, आतल्या कागदावर नाव लिहिणार आणि होता तिथेच ठेवून जाणार. "रिकामटेकडे धंदे," वहिनी म्हणायची.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. त्याचा एकच डबा उरला होता, जंगलातल्या चॅपलपाशी, म्हणजे छोट्या जुन्या चर्चपाशी. आणि जो तो लिहायला लागला, सापडला नाही. शेवटी खेळवाल्यांचा निरोप आला: आज संध्याकाळपर्यंत कुणी डबा आहे असं कळवलं नाही, तर नकाशावरून काढून टाकू. आणि रिकामटेकडे धंदे म्हणणारी हीच वहिनी सकाळी बूट घालून दारात उभी!

"चॅपल कुठंय?" झाडांत शिरल्यावर वहिनीनं विचारलं.

"नाहीये. दगड लोकांनी कधीच उचलून नेले. दादा म्हणायचा, दारच नाही तर कुलूप बिघडायची भानगड नाही."

उरलं होतं चौकोनी मोकळं गवत आणि एक झिजलेली पायरी. फोन म्हणत होता, पायरीच्या मागे. हॉर्ननं पानं उपसली, माती उकरली, नखं काळी केली. काही नाही.

"दुसरा डबा ठेवू आणि मोकळं होऊ. कुणाला कळतंय?" हॉर्न हात झटकत म्हणाली.

"मला कळतंय."

"तुला डब्यांचं फार कळतं! माझ्यावर आळ घेतलास तेव्हाही कळत होतं ना?"

वहिनीचा कडीचा स्टीलचा डबा मागे एकदा गायब झाला होता. हॉर्नच तो बसमध्ये विसरली, असं वहिनीनं ठरवून टाकलं. दोघी कितीतरी दिवस बोलत नव्हत्या. दादा मधे बसून मुकाट जेवायचा.

वहिनी पायरीवर बसली. बुटाची माती झटकत म्हणाली, "आपल्या घरात कात्री का सापडत नाही गं?"

"आता कात्री कुठून आली?"

"कारण जो तो ती नीट ठेवतो. तुझा दादा खणात, मी खणाच्या तळाशी, तू आणखी कुठल्या पिशवीत. इथेही तसंच झालं असणार. जो आला त्यानं जाताना जरा जास्त नीट लपवला."

मग दोघी पायरीपासून पुढे शोधत निघाल्या. पायरीपेक्षा बरी जागा कुठली? पडलेला ओंडका. ओंडक्यापेक्षा बरी? उतारावरचं जुनं झाड. त्याच्या मुळांखाली हॉर्ननं कोपरापर्यंत हात घातला आणि शेवाळाचा बोळा ओढून काढला. मागून डबा आला.

स्टीलचा. कडीचा. झाकणाला पोचा.

"हा माझा डबा आहे," वहिनी म्हणाली.

"बघ तुझा नवरा! एवढे दिवस आपल्या दोघींच्या मधे बसून जेवला, पण हूं की चूं केलं नाही मेल्यानं!" म्हटल्यावर हॉर्ननं जीभ चावली.

पण वहिनी हसत सुटली. हसता हसता खालीच बसली, डबा पोटाशी धरून, आणि मग हसणं राहिलं बाजूला. हॉर्न शेजारी टेकली. हात मातीचा होता तरी तिच्या पाठीवर ठेवला.

"तुला उगाच बोलले गं," वहिनी नाक पुसत म्हणाली.

"बोललीसच. चल, घरी ने आता. तुझाच आहे."

"नको. इथेच राहू दे."

वहिनीनं डबा बाहीनं पुसला आणि चढण चढून पायरीच्या मागे ठेवला. वर चार पानं टाकली.

"दिसतोय," हॉर्न वाकून म्हणाली. "थांब, जरा आत सरकवते."

"हात लावशील तर बघ!"

मग पायरीवर बसून, दादाच्या फोनवर एकेक अक्षर शोधत, वहिनीनं खेळवाल्यांना लिहिलं: डबा आहे. मी बघितला. कृपया कुणी नीट ठेवू नये.