पेटीतला दुधी

चंदरने पेटीचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि दोनदा जोरात हुंगलं. पेटीला मासळीचा वास नव्हता. तीन दिवस पापलेट ठेवलेली पेटी धुवा, पुसा, उन्हात टाका, वास म्हणून जात नाही. खारदांड्याच्या कोळ्याच्या पोराला हे कळायला इंजिनिअरिंग कॉलेज लागत नाही.

“किरीट, यात मासे ठेवले होतेस ना?”

किरीट शहा घाटकोपरचा, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधला त्याचा जोडीदार. सत्त्याऐंशी सालचा फेब्रुवारी चालू होता. प्लायवूड आणि थर्मोकोलची ही बर्फपेटी दोघांनी मिळून केली होती, आणि मासे तीन दिवस ताजे राहिल्याचा निकाल किरीटने घरून आणला होता. कॉलेजच्या अंधेरीतल्या वर्कशॉपमध्ये तो आता पान्याशी चाळा करत उभा राहिला.

“दुधी ठेवला होता,” तो म्हणाला. “मासळी आमच्या घरात नाही चालत यार. आईने मला उंबरा ओलांडू दिला नसता. तुझे पापलेट वॉचमनला दिले.”

“मग बोलला का नाहीस?”

“कसा बोलणार? कॅंटीनमध्ये रोज काय म्हणतो आपण? जातपात, खाणंपिणं, सब झूठ. इंजिनिअर सगळे सारखे. टाळी तूच दिली होतीस ना?”

दिली होती खरी. माणसामाणसांतल्या फरकावर हे दोघे तासन् तास बोलत, पण ती माणसं कुठली तरी लांबची असायची. एकमेकांच्या घरचा विषय निघाला की चहा मागवायचे.

चंदरला एका जागी उभं राहवेना. आईने, सरूबाईने, पाटीतले सगळ्यात चांगले पापलेट निवडून दिले होते. आणि बाबांनी तर निकालावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. उद्या पहाटे त्यांची होडी निघणार होती, तीन दिवसांची मासळी याच पेटीत राहणार होती. ती सडली असती तर?

“चल,” तो म्हणाला. “बाबांना तूच सांग.”

रिक्षात पेटी कोंबून दोघे निघाले. दांड्याला उतरल्यावर किरीटने रुमाल काढला आणि तसाच परत खिशात घातला.

“वास येतोय,” तो म्हणाला.

“येतोच,” चंदर म्हणाला. वर्षभरात त्यांच्यात झालेलं हे पहिलं सरळ बोलणं.

रामनाथ, चंदरचे बाबा, अंगणात जाळं सांधत बसले होते. किरीटने मान खाली घालून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. नेहमीचा बर्फ भरून नेईन म्हणाले. मग पेटीकडे बघत त्यांनी विचारलं, “पन तुमच्याकडं मासली चालत नाय, तर पेटी इकडंच का नाय ठेवली?”

किरीट गोंधळला. “चंदर म्हणाला, घरी जागा नाही.”

“जागा नाय?”

रामनाथांनी अंगणावरून नजर फिरवली. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि खाली जमीन सगळी मोकळी होती. ओट्यावरून सरूबाईही लेकाकडे बघू लागली.

किरीटवर धरलेला राग आता कुठे ठेवावा ते चंदरला सुचेना.

“जागा होती, बाबा,” तो म्हणाला. “पण पेटी इथं असती तर हा रोज बघायला आला असता. मला याला इथं आणायचं नव्हतं. लाज वाटत होती तुमची.”